'इतके कोटी मंजूर' असा बॅनर आला की नेमकं काय तपासायचं

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी एक बॅनर पडतो. हात जोडलेला फोटो आणि खाली 'रस्त्यासाठी अमुक कोटी मंजूर, आभार आभार आभार'. मग दोन पार्ट्या, एकीला सगळं खोटं वाटतं आणि दुसरी गुलाल उधळायला तयार. मी पण आधी भांडायचो. आता एकच विचारतो, मंजूर म्हणजे नक्की काय झालंय?

कारण सरकारी पैसा जिना चढत येतो. घोषणा, मग बजेटात तरतूद, मग प्रशासकीय मान्यता, मग टेंडर, मग कार्यारंभ आदेश, मग निधी वितरण, मग काम आणि शेवटी बिल. यातल्या कुठल्याही पायरीवर 'मंजूर' म्हणता येतं आणि ते तांत्रिकदृष्ट्या खोटंही नसतं, ही खरी गंमत आहे. त्यामुळे आकडा खरा की खोटा यात न पडता तो कुठल्या पायरीवर बसलाय तेवढं शोधायचं. मी महाराष्ट्राचं सांगतो कारण मला तेच माहितीय.

पहिलं काम, जीआर म्हणजे शासन निर्णय मागा. बॅनर नको, पेपरचं कात्रण नको. महाराष्ट्र शासनाची शासन निर्णयांची साइट आहे, तिथे विभाग आणि तारीख टाकली की मराठीतली पीडीएफ मिळते, लॉगिन वगैरे काही नाही. जीआर वाचताना वरची प्रस्तावना सोडून द्या, ती सगळीकडे सारखीच गोड असते. सरळ खाली जा आणि दोन गोष्टी बघा. एक म्हणजे 'तत्त्वतः मान्यता' लिहिलंय का 'प्रशासकीय मान्यता'. तत्त्वतः असेल तर समजा मुलगी बघायला येऊ म्हणालेत, बाकी काही ठरलेलं नाही. दुसरं, खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे बजेटातल्या कुठल्या खात्यावर टाकायचा तो लांबलचक नंबर आहे का. तो नंबर कॉपी करून ठेवा, पुढे तरतूद शोधायला उपयोगी पडतो.

आता तरतूद. मार्चमध्ये बजेट येतं, त्याच्या आधी आर्थिक पाहणी येते, ती अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं आणि मराठीत असते. बजेटाच्या तक्त्यांमध्ये तीन प्रकारचे आकडे असतात, अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष. भाषणात पहिलाच रकाना वाजवतात. तुम्ही दोन वर्षं मागे जाऊन प्रत्यक्षचा रकाना बघा. आणि बजेट मार्चमध्ये संपतं असं तर अजिबात समजू नका, दर अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटावरच्या जादा खर्चाच्या मागण्या येतात आणि त्या काही किरकोळ नसतात, जुलै 2024 ला एका फटक्यात 94,889 कोटींच्या आल्या होत्या आणि त्यातले 25 हजार कोटी एकट्या लाडकी बहीण योजनेचे. पुरवणीत कधीकधी एखाद्या कामापुढे नुसते हजार रुपये दिसतात, त्याला लाक्षणिक किंवा टोकन तरतूद म्हणतात, म्हणजे गाडीत सीटवर रुमाल टाकून ठेवलाय. बॅनर मात्र पूर्ण रकमेचा लागतो.

तरतूद आहे पण पैसे सुटले का? यासाठी बीम्स बघायचं. वित्त विभागाची ऑनलाइन सिस्टीम आहे, कुठल्या विभागाची तरतूद किती, त्यातलं वितरित किती आणि खर्च किती हे दिसतं. डिसेंबरात बघा आणि परत 31 मार्चनंतर बघा, फरक बघून मार्च एंड काय चीज असते ते कळेल. राज्याचा एकूण जमाखर्च दर महिन्याला कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेच्या साइटवर पण येतो, राज्य निवडायचं आणि महिना निवडायचा, बस.

आता तिजोरीचं, कारण 'राज्य कर्जात बुडालं' आणि 'राज्याची स्थिती भक्कम' ही दोन्ही वाक्यं एकाच दिवशी एकाच बजेटावरून म्हटली जातात. 2025-26 चं घ्या, 10 मार्च 2025 ला अजित पवारांनी मांडलेलं. कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता, विरोधकांनी हा आकडा उचलला. सरकार म्हणालं राज्याच्या स्थूल उत्पादनाच्या (सरकारची जमा नव्हे, राज्यात वर्षभरात तयार होणाऱ्या सगळ्या माल-सेवांची किंमत) ते 19 टक्क्यांच्या आत आहे. दोघंही खरंच बोलत होते. मी या दोन्हीपेक्षा तिसरा आकडा बघतो, महसुली तूट. त्या बजेटात महसुली जमा 5,60,964 कोटी, महसुली खर्च 6,06,855 कोटी, म्हणजे 45,891 कोटी कमी. घरासाठी कर्ज काढणं वेगळं आणि किराणा उधारीवर आणणं वेगळं, महसुली तूट म्हणजे किराणा. पगार, पेन्शन, व्याज, योजनांचे हप्ते यालाच पैसे पुरत नाहीत असा त्याचा अर्थ. राजकोषीय तूट, म्हणजे सगळा खर्च भागवायला जेवढं कर्ज काढावं लागतं ती, 1,36,235 कोटी होती, ती मोठी दिसते पण त्यातला बराचसा भाग रस्ते-धरणांसाठी गेला असेल तर माझी फारशी तक्रार नाही.

रस्ते-धरणांवरून आठवलं, मोठा प्रकल्प असेल तर 'सुप्रमा' हा शब्द शोधा. सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे वाढलेल्या खर्चाला पुन्हा मंजुरी. गोसीखुर्द धरणाचा मूळ खर्च 372 कोटी धरलेला, 1988 ला पायाभरणी झाली आणि 2016 च्या सुप्रमात तो 18 हजार कोटींच्या वर होता. 'इतके हजार कोटी दिले' ऐकलं की त्यातले किती नवीन कामाचे आणि किती उशिराचे हे विचारा. 'उद्घाटन झालं' म्हणजे पण कुठून कुठपर्यंत ते विचारायचं. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, पण 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी 520 किलोमीटर सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 चा तुकडा 5 जून 2025 ला. मधल्या अडीच वर्षांत आमच्या मामांना कितीजणांनी सांगितलं असेल की झाला झाला, आता सरळ मुंबई.

आणि काम पूर्ण झालं तरी उपयोग झाला का हा प्रश्न उरतोच. जलयुक्त शिवार या पाणी अडवायच्या योजनेवर 9 हजार 600 कोटींच्या वर खर्च झाला, पण भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही असं कॅगने म्हटलं, तो अहवाल 2020 मध्ये विधिमंडळात आला. कॅगचे अहवाल जाड असतात, सुरुवातीचा सारांश वाचला तरी पुरतं.

सेवांच्या बाबतीत एक शब्द लक्षात ठेवा, 'निकाली'. इतके लाख अर्ज निकाली म्हणजे तितक्यांना दाखले मिळाले असं नाही, नामंजूर केलेला अर्ज पण निकालीच असतो. तुमचाच अर्ज अडकला असेल तर 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, प्रत्येक अधिसूचित सेवेला ठरलेले दिवस असतात, ते आपले सरकार पोर्टलवर लिहिलेले आहेत. दिवस उलटले की दोन अपिलं त्याच विभागात आणि तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे, आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. अर्जाचा नंबर आणि पोचपावती फक्त जपा.

या सगळ्यातून पण आपल्या गल्लीतल्या कामाचं कळलं नाही तर माहिती अधिकार. ऑनलाइन होतो, फी 10 रुपये. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, त्यामुळे भाषण ठोकू नका आणि 'काम का झालं नाही' असं तर विचारूच नका, कारणं सांगायला ते बांधील नाहीत असं उत्तर येतं. कागद मागा. प्रशासकीय मान्यतेची प्रत, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबीची प्रत आणि आजवर दिलेल्या बिलांची यादी. 30 दिवस थांबा, नाही आलं तर पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट.

आमच्या रस्त्याचं मी असंच मागवलं. उत्तर महिन्याने नाही, अपिलानंतर आलं, दीड पानाचं. प्रशासकीय मान्यता आहे, टेंडर नाही, तरतूद टोकन. ते पान ग्रुपवर टाकलं तर दोन दिवस कोणी काही बोललं नाही, मग बॅनरवाल्यानेच पर्सनलवर मेसेज केला, 'दादा, टेंडर कधी निघतंय ते कुठे दिसतं?' त्याला टेंडर पोर्टलची लिंक पाठवलीय.