कोलॅजन मेंब्रेन बसवताना : पीजीच्या ज्युनियर्ससाठी

नवीन पोरांना वाटतं जबड्याच्या हाडातल्या खड्ड्यावर, हिरडीखाली, मेंब्रेन (म्हणजे पातळ पडदा) घातली की हाड आपोआप येतं. ती फक्त दार अडवून उभी राहते हो. हिरडीच्या पेशी भराभर वाढतात, हाडाच्या निवांत, मधे काही नसलं तर हिरडीवाल्या एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी जागा धरून बसतात आणि मग हाडाला जागाच नाही. मेल्चर या संशोधकानं 1976 ला हेच मांडलं आणि 1982 ला नायमन वगैरेंनी साधा मिलिपोर फिल्टर (बारीक छिद्रांचा गाळणकागद) लावून माणसाच्या दातावर करून दाखवलं.

आधी पेशंटला विचारा. बरंचसं कोलॅजन डुकराचं नाहीतर गाईचं असतं, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं. नको म्हणाले तर पीटीएफईची (टेफ्लॉनची) मेंब्रेन आहे, पण ती विरघळत नाही, नंतर काढावी लागते.

माप घ्यायला टाक्यांच्या स्टराइल पाकिटातला फॉइलचा तुकडा घ्या, खड्ड्यावर ठेवून आकार कापा, मग त्यावरून मेंब्रेन कापा, ती पण कोरडी असतानाच, कारण भिजली की ओल्या पापडासारखी लोळते. खड्ड्याच्या कडेपासून चहूबाजूंनी 2-3 मिमी जास्त ठेवायची, शेजारच्या दाताला चिकटू द्यायची नाही, कोपरे गोल करायचे. दोन थरांची असेल तर गुळगुळीत बाजू हिरडीकडे, खरखरीत हाडाकडे. हे भिजायच्या आधीच बघून ठेवा.

आता खरं काम, म्हणजे टाके. माझ्या पहिल्या केसला मी फ्लॅप (हिरडीचा उचललेला पदर) ओढून ओढून शिवला, वरून अगदी झकास दिसत होता, सातव्या दिवशी पेशंट आल्या तर मधला टाका तुटलेला आणि पांढरी मेंब्रेन माझ्याकडे बघतेय. तेव्हापासून ग्राफ्ट (खड्ड्यातलं हाडाचं भरण) भरायच्या आधीच फ्लॅप मोकळा करतो : आतल्या बाजूनं पेरिऑस्टियमवर (हाडाला लागून असलेलं घट्ट आवरण) नव्या ब्लेडनं एकच उथळ छेद, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खोल अजिबात नाही (खालच्या प्रीमोलरपाशी, म्हणजे सुळ्यामागच्या दातांपाशी, मेंटल नर्व्ह, ओठ-हनुवटीची नस, आधी शोधा, मग ब्लेड उचला). फ्लॅप न ओढता पलीकडच्या कडेवर 3-5 मिमी चढला पाहिजे, नाही चढला तर अजून मोकळा करा. मग आधी हॉरिझॉन्टल मॅट्रेस (कडेला समांतर जाणारे, ताण घेणारे टाके), मधे साधे टाके.

तरी उघडलंच तर घाबरून मेंब्रेन उपटू नका. पू नसेल तर जंतुनाशक क्लोरहेक्झिडीन चालू ठेवा, दर आठवड्याला बघा, कोलॅजनवर हिरडी बऱ्याचदा परत चढते. पू असेल तर मात्र काढायचीच.

टाके 10-14 दिवसांनी काढा, इम्प्लांटला (हाडात बसवायच्या कृत्रिम दाताच्या मुळाला) साधारण 4-6 महिने थांबा. आणि पेशंटची तात्पुरती कवळी असेल तर ती त्या जागी आतून घासून मोकळी करून द्या, नाहीतर इतकं सगळं नीट करून पहिल्याच जेवणाला ती टाक्यांवर दाबते.