एनग्रेव्हिंग शिकायला बसलात तर सेरेसपासून सुरुवात करा

प्रबोधनकाळातल्या एनग्रेव्हिंगकडे (तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून कागदावर त्याचे छाप काढायची कला) नव्याने वळणारी मुलं आधी देवदेवतांची यादी पाठ करायला घेतात. त्यापेक्षा एकच देवता निवडा आणि तिचा पिच्छा सोडू नका. मी सेरेस निवडली: रोमनांची धान्यदेवता, ग्रीकांची डिमिटर.

रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसेस' या काव्याचा पाचवा भाग आधी वाचा, अनुवादात वाचला तरी चालेल. मुलगी प्रॉसर्पिना पळवली गेल्यावर सेरेस एटना पर्वतावर मशाली पेटवून तिला शोधत फिरते. सिसिलीवर राग निघतो तेव्हा नांगर मोडते, शेतकरी आणि बैल मारते, बियाणं नासवते. एवढं डोक्यात असलं की कणसांचा मुकुट घातलेल्या बाईच्या हाती मशाल का, हे कोणाला विचारावं लागत नाही. शेवटी ती ट्रिप्टोलेमस नावाच्या तरुणाला बी देते आणि सांगते, काही कधीच न कसलेल्या जमिनीत पेर, काही बरीच वर्षं पडीक राहिलेल्या. शेतीतलं इतकं नेमकं बोलणारा कवी मला फार जवळचा वाटतो.

मग नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या हेंड्रिक गोल्ट्झियसकडे (१५५८–१६१७) या. सेरेस आणि बॅकस नसतील तर व्हीनस गारठते, म्हणजे अन्न आणि वाईनशिवाय प्रेम थंड पडतं, हे रोमन नाटककार टेरेन्सचं वाक्य. गोल्ट्झियस या विषयाकडे पुन्हा पुन्हा वळला. त्याच्या एनग्रेव्हिंगमध्ये गोष्टीइतकीच रेघ बघा. ब्यूरिन, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, तांब्यात खोल रुतला की रेघ जाड, वर उचलला की केसासारखी बारीक, आणि दंडाची सगळी गोलाई एवढ्यावरच उभी राहते. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर मोठ्या आकाराच्या प्रतिमा फुकट मिळतात. तिथे एकच खांदा पडदाभर मोठा करून शांतपणे बघत बसा.

आता उलट टोक. फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रूगेलचं 'उन्हाळा' हे १५६८चं रेखाटन, त्यावरून झालेलं एनग्रेव्हिंग १५७०चं. देव एकही नाही, नुसती कापणी. पाणी पिणाऱ्या माणसाचा पाय आणि लांब दांड्याच्या विळ्याचं पातं चौकटीबाहेर येतं. एका बाईच्या डोक्यावर भाजीपाल्याची टोपली अशी बेतलीय की चेहरा दिसतच नाही, खांद्यांवर थेट भाजीच! तिला सेरेस म्हणायचा मोह होतो. मी म्हणणार नाही. ही ऋतुमालिका आहे, चित्राखाली उन्हाळ्याचे महिने लिहिलेत. मजकूर आणि खुणा दोन्ही साथ देत असतील तरच देवीचं नाव घ्या.

विळ्याबाबत तर डोळे उघडे ठेवाच. हातात विळा घेणारा रोमन सॅटर्न मुळात शेतीचा देव, पण ग्रीक क्रोनोसशी आणि पुढे काळाशी त्याची गल्लत झाली. त्यामुळे तोच विळा कुठे पीक कापतो, कुठे आयुष्य.

खालच्या कडेची लॅटिन अक्षरं सोडू नका. 'इन्व्ह.' म्हणजे कल्पना कोणाची, 'स्कल्प.' म्हणजे तांब्यावर कोरलं कोणी, 'एक्स.' म्हणजे प्रकाशक कोण. बरेचदा ही तीन वेगळी माणसं असतात, आणि प्रबंधात सगळं श्रेय पहिल्यालाच दिलं तर कोरणाऱ्यावर अन्याय होतो. ब्रूगेलच्या 'उन्हाळ्या'चा ताम्रपट पीटर व्हान डर हायडेनने कोरला. त्याचंही नाव लिहा.