जलपर्णी उपसताना आणि मासे सोडताना या चुका टाळा

नदीतली जलपर्णी काढून झाली की काम संपले असे वाटते, आणि पहिली चूक तिथेच होते: उपसलेला ढीग काठावरच पडून राहतो. जलपर्णीचा देठ बोटांत दाबून पाहिला तर तो स्पंजासारखा, हवेने भरलेला लागतो; त्यामुळे मुळासकट तुटलेला लहानसा फुटवाही पहिल्या पावसात पाण्यावर तरंगत पुढच्या बंधाऱ्यापर्यंत पोहोचतो आणि तिथे नवी वसाहत करतो. अनुकूल पाण्यात ही वनस्पती सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. म्हणून ढीग पूररेषेच्या बाहेर नेऊन वाळवावा किंवा खड्ड्यात कुजवावा.

‘पावसाळ्यात वाहून जाईल’ म्हणून वाट पाहणे ही याहून मोठी चूक आहे. पवना, मुळा-मुठा आणि इंद्रायणी यांचे पाणी शेवटी भीमेतून उजनीत जाते. म्हणजे आपण मोकळे होतो आणि संकट खालच्या गावांच्या माथी मारतो. शिवाय फुलून गेलेल्या झाडांचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते, तेव्हा उपसा फुले येण्यापूर्वी करावा आणि पुढची काही वर्षे नवी रोपे दिसताच उचलावीत. तणनाशक फवारले तर हिरवा थर बुडून कुजतो, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. सांडपाण्यातून येणारे नत्र आणि स्फुरद मात्र तसेच राहतात. ते थांबल्याशिवाय उपसा कधीच संपत नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे.

माशांबाबतची चूक बहुधा दयेपोटी होते. टाकीची काच स्वच्छ ठेवावी म्हणून आणलेला बोटभर सकर मासा हातभर झाला, की ‘मारण्यापेक्षा नदीत सोडलेला बरा’ असे म्हणून लोक तो सोडून देतात. तो काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो, आणि त्याचे काटेरी पर जाळ्यात असे अडकतात की मच्छीमाराला तो सोडवताना जाळेच कापावे लागते. वाढलेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्याकडे सोपवावा. जाळ्यात सापडलेला सकर पुन्हा पाण्यात टाकू नये. तो पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरतो, म्हणून नुसता काठावर फेकूनही भागत नाही, त्याला मारून काठापासून दूर पुरावे लागते.

एका तळ्यातले जाळे दुसऱ्या तळ्यात टाकण्यापूर्वी त्यात अडकलेली पाने आणि मुळे हाताने वेचून काढावीत आणि जाळे उन्हात खडखडीत वाळवावे.