मेल सर्व्हर घेताय? प्रोसेसरच्या आधी डिस्क बघा

संस्थेच्या मेल सर्व्हरचं कोटेशन मागवलं की पहिली ओळ प्रोसेसरची येते आणि चर्चाही तिथेच रंगते. पण मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स सांभाळणारा डव्हकॉट हे प्रोग्रॅम प्रोसेसरला फारसे दमवत नाहीत. दमते ती डिस्क. आलेला मेल पोस्टफिक्स आधी रांगेत, म्हणजे डिस्कवर, पक्का लिहितो आणि मगच समोरच्या सर्व्हरला पोच देतो. पुढे तो मेलबॉक्समध्ये लिहिला जातो, इंडेक्स बदलतो, वाचल्यावर खूण बदलते. सगळं बारीकसारीक, विखुरलेलं लेखन.

७२०० आरपीएमची साटा डिस्क अशी कामं सेकंदाला साधारण ७५ ते १०० करते. जागा जास्त मिळते म्हणून चार डिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून डिस्क एकत्र जोडण्याची एक पद्धत) लावल्या, तर एका छोट्या लेखनासाठी चार डिस्कक्रिया लागतात. म्हणजे चौघींचं मिळून लेखन १०० च्या आतच. रेड १० मध्ये, म्हणजे प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहिण्याच्या पद्धतीत, दोनच क्रिया लागतात, म्हणून दुप्पट मिळतं. एसएसडी घेतलीत तर प्रश्नच मिटतो, पण वीज गेल्यावर डेटा सांभाळणारी, सर्व्हरसाठीचीच घ्या. घरगुती एसएसडी अशा पक्क्या लेखनात फार मंदावते.

सर्व्हर आधीच रखडत असेल तर टॉप ही लिनक्सची कमांड चालवा. डिस्कची वाट पाहण्याचा टक्का (त्यात wa) चढलेला आणि प्रोसेसर निवांत दिसला, तर कोअर वाढवून उपयोग नाही. आणि हे सोमवारी सकाळी बघा, सगळे एकदम आउटलुक उघडतात तेव्हा. दिवसभराची सरासरी फसवते.

रॅम कमी पडते ती व्हायरस तपासणाऱ्या क्लॅमएव्हीमुळे. त्याला एकट्याला १ जीबीहून जास्त लागते आणि व्हायरस ओळखण्याच्या खुणांची यादी नव्याने लोड होताना काही क्षण जवळपास दुप्पट. तेव्हा रॅम संपली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, चालू प्रोग्रॅमच बंद पाडतो, मेल रांगेत अडकतात आणि फोन येतात, ‘मेल बंद आहे का?’

जागेचा हिशेब ‘३०० जण गुणिले ५ जीबी’ इथे थांबतो. पण जोडलेली फाइल बेस६४ मध्ये (मेलमधून पाठवण्यासाठी फाइल अक्षरांत बदलण्याची पद्धत) सुमारे एक तृतीयांशाने फुगते: १५ एमबीचं परिपत्रक २० एमबी होतं, आणि ४० जणांना पाठवलं तर मेलडिर या साठवणीच्या पद्धतीत सहसा ४० वेगळ्या प्रती, ८०० एमबी. मेलडिरमध्ये प्रत्येक मेल ही वेगळी फाइल, त्यामुळे जागा शिल्लक असूनही ‘डिस्क भरली’ असा संदेश आला तर आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद, यांची संख्या मर्यादित असते) तपासा. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टीममध्ये त्यांचं प्रमाण फॉरमॅट करतानाच ठरतं.

एखाद्याच्याच मेलची जोडणी नाकारली जात असेल तर नवं हार्डवेअर मागवू नका. डव्हकॉट एका वापरकर्त्याला एका आयपीवरून मुळात १० च जोडण्या देतो. ऑफिसच्या एकाच नेटवर्कवरचे मोबाइल, लॅपटॉप आणि पीसी मिळून त्या सहज संपतात. मर्यादा वाढवा.

बॅकअप सगळे घेतात, परत आणण्याचा वेळ कोणी मोजत नाही. १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून दीड टीबी आणायला कागदावरच तीन तास वीस मिनिटं लागतात. लाखो छोट्या फाइल्स असतील तर बरेच जास्त. जुना सर्व्हर बंद करण्याआधी एकदा पूर्ण रिस्टोर करून बघा.