जुन्या गिऱ्हाईकाची सूट सांगलीतच ठेवून या

दर डिसेंबरात सांगलीला आले की विश्रामबागच्या घरी ब्रिटनला निघालेली दोन-चार मुलं भेटायला येतात. कुकर न्यावा का, थंडीचा कोट इथूनच घ्यावा का, भडंग किती न्यावा, सगळं विचारतात. (कुकर न्या. कोट तिकडे घ्या.) विम्याचं कुणीच विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

आमच्या दादांचं गणपती पेठेतल्या एका किराणा दुकानात चाळीस वर्षं खातं आहे. महिन्याची यादी गेली की सामान घरपोच, हिशेबात वरचे रुपये सोडलेले, दिवाळीच्या सामानात न मागता उटण्याची पुडी. जुनं गिऱ्हाईक म्हणजे घरचं माणूस, हीच समजूत घेऊन मी २०११ साली लेस्टरला गेले.

गाडी घेतली, विमा काढला. दरवर्षी कंपनीचं पत्र यायचं की तुम्हाला काही करायची गरज नाही, पॉलिसी आपोआप चालू राहील. मला ती सोय वाटायची. पाचव्या वर्षी शेजारणीने त्याच कंपनीचा विमा काढला. गल्ली तीच, गाडी तशीच, आणि पैसे माझ्यापेक्षा दोनशे पौंड कमी! मी तोवर एकही क्लेम केला नव्हता. फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "तो नवीन ग्राहकांचा दर आहे." मग मी सोडून जाते म्हटल्यावर दोन मिनिटांत दीडशे पौंड उतरले. आनंद राहिला बाजूला, डोकंच फिरलं. आधीच्या वर्षी किती भरले होते तेही मला आठवत नव्हतं. तो आकडा रिन्यूअलच्या पत्रात छापायची सक्ती एप्रिल २०१७ पासून आली.

या प्रकाराला तिकडे 'प्राइस वॉकिंग' म्हणतात. पहिल्या वर्षी स्वस्तात आत घ्यायचं, मग दरवर्षी थोडं थोडं चढवायचं. चौकशी करणारा निघून जातो, विश्वासाने बसून राहणारा भरत राहतो. म्हातारी माणसं यात फार नाडली गेली. २०१८ मध्ये 'सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस' या संस्थेने रीतसर तक्रार केली. मोबाइल, ब्रॉडबँड, बचत खाती, गृहकर्ज आणि घराचा विमा एवढ्यांतच निष्ठेचा हा भुर्दंड वर्षाला ४१० कोटी पौंडांचा आहे, असा त्यांचा अंदाज होता. शेवटी १ जानेवारी २०२२ पासून एफसीए या नियामक संस्थेने घर आणि गाडीच्या विम्यात जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावायला बंदी केली.

पण म्हणून निर्धास्त होऊ नका. बंदी एका कंपनीच्या आतल्या भेदभावावर आहे. तुमचा हप्ता सगळ्यांबरोबर वाढू शकतो आणि शेजारची कंपनी तरीही बरीच स्वस्त असू शकते. प्रवासाचा विमा, मोबाइल, ब्रॉडबँड यांना तर हा नियम लागूच नाही. तेव्हा पत्र आलं की मुदतीच्या साधारण तीन आठवडे आधी तुलनेच्या दोन-तीन साइटवर दर बघा. शेवटच्या दिवशी बघाल तर बहुधा महाग पडेल. आपोआप रिन्यू होणं बंद करून ठेवा, कंपनीला त्याची सोपी सोय द्यावीच लागते. जमलं तर वर्षाचे पैसे एकदम भरा, कारण महिन्याच्या हप्त्यावर बहुतेक ठिकाणी व्याज असतं. घाईत चुकीची पॉलिसी घेतलीत तरी रद्द करायला चौदा दिवस मिळतात, थोडे पैसे कापले जातील इतकंच.

एक मात्र करू नका. गाडी चालवणार तुम्ही आणि कागदावर मुख्य चालक म्हणून अनुभवी काका, ही युक्ती तिकडे फसवणूक ठरते. पहिला विमा महागच पडणार. भारतीय लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते, पण तेवढ्यात तिकडची परीक्षा देऊन टाका. निघताना इथल्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचं, पत्र घ्या. बऱ्याच कंपन्या ते मानत नाहीत, पण एखादी मानते, आणि कागदाला वजन नसतं.

परवा जेवताना दादांना सांगितलं, यंदा परत कंपनी बदलली, आता ही चौथी. त्यांचा हात ताटातच थांबला.

"का गं, भांडण झालं काय?"