घरच्या कॉम्प्युटरसाठी बॅकअप सॉफ्टवेअर निवडताय? या चुका टाळा

परभणीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बंद पडलेला पीसी टेबलावर ठेवून लोक मोठ्या विश्वासानं सांगतात, "सर, काळजी नाही, बॅकअप डी ड्राइव्हला आहे." हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. घरच्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. सोयाबीनच्या पोत्याला मधोमध गाठ मारली म्हणून दोन पोती होत नाहीत. भिजलं तर सगळंच भिजतं.

सेलूकडचे एक निवृत्त गुरुजी मृगाच्या पहिल्या पावसानंतर असेच आले. अकरा वर्षं गावोगाव फिरून त्यांनी म्हाताऱ्या बायकांच्या आवाजात जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. बॅकअपचं सॉफ्टवेअर होतं, रोज रात्री नऊला चालायचं, हिरवी खूण यायची. कॉपी जात होती डी ड्राइव्हला. रात्री विजा कडाडल्या, लाइट गेली-आली, आणि सकाळी डिस्कमधून टक्‌ टक्‌ आवाज. पुतण्यानं यूट्यूबवर बघून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाकलं आणि तीच डिस्क दोन दिवस चालू ठेवली. आवाज करणारी डिस्क ताबडतोब बंद करायची असते, कारण आतला डेटा वाचणारा हेड चकतीवर घासत असेल तर चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाला डेटा खरवडला जातो. पुढं पुण्याला पाठवून निम्म्याहून कमी फायली हाती आल्या. गेलेल्या आवाजांतल्या काही जणी आता हयात नाहीत.

म्हणून सॉफ्टवेअर डाउनलोड करायच्या आधी विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबा आणि डिस्क मॅनेजमेंट उघडा. 'डिस्क 0' च्या एकाच ओळीत सी आणि डी शेजारी शेजारी दिसले, तर बॅकअपसाठी बाहेरची डिस्क घ्या. त्यात कंजुषी नको. ती लावल्यावर वेगळ्या ओळीत दिसेल. काम झालं की लगेच काढून कपाटात ठेवा. कायम लावून ठेवलेल्या डिस्कला वीज तर मारतेच, शिवाय 2017 च्या मे महिन्यात आलेल्या वॉनाक्रायसारखा व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फायलींनाही कुलूप घालतो.

दुसरी चूक, बॅकअप परत आणून न बघणं. 'बॅकअप कम्प्लीट' ही पाटी सांगितलेलं काम झालं एवढंच सांगते. काय सांगितलं होतं, ते तुम्हीच बघायचं. विंडोज 10 मधली फाइल हिस्टरी, म्हणजे त्यातलीच बॅकअपची सोय, आपण होऊन डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरलेली फोल्डर घेते. टॅलीचा डेटा किंवा डी ड्राइव्हवरचे सातबाऱ्याचे स्कॅन हवे असतील, तर ती फोल्डर हातानं जोडावी लागतात. मी दर अमावस्येला एक जुना फोटो आणि एक हिशेबाची फाइल बॅकअपमधून नव्या फोल्डरमध्ये परत आणतो आणि उघडून बघतो. तारीख विसरते, अमावस्या आमच्या घरात कुणी विसरत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, तरी "सर, तेवढा वेळ कुठंय" म्हणणारे भेटतात, आणि नंतर तेच दुकानात आठ-आठ दिवस चकरा मारतात.

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हला सिंक केलं, म्हणजे इंटरनेटवरची कॉपी इकडच्यासारखीच राहील असं जोडलं, की बॅकअप झाला, असं समजू नका. इकडं डिलीट झालं की तिकडंही डिलीट होतं, आणि कचरापेटी 30 दिवसांनी रिकामी होते.

क्रॅक केलेलं बॅकअप सॉफ्टवेअर तर नकोच. ज्याच्या हाती घराच्या सगळ्या किल्ल्या द्यायच्या, तो माणूस चोरबाजारातून आणत नाहीत.

पूर्ण विंडोजची इमेज, म्हणजे सगळ्या विंडोजची जशीच्या तशी कॉपी, घेताना पेन ड्राइव्ह किंवा डिस्क एफएटी32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल, तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीनं फॉरमॅट करा, पण फॉरमॅटनं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी त्यातलं सामान बाहेर काढा.

फुकटच्या आवृत्तीवर आयुष्य काढता येत नाही. मॅक्रियम रिफ्लेक्ट या बॅकअप सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती किती जणांनी वापरली, पण 1 जानेवारी 2024 पासून तिला कंपनीचा आधार नाही. म्हणून घरच्या फायलींसाठी मी फ्रीफाइलसिंक हे फायलींची कॉपी करणारं सॉफ्टवेअर टाकून देतो. त्याची कॉपी साध्या फोल्डरमध्ये राहते, सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते. त्यातला 'मिरर' मात्र विचार न करता दाबू नका, तो इकडून उडालेली फाइल बॅकअपमधूनही काढतो. 'अपडेट' निवडा, आणि जुनी आवृत्ती जपणारं व्हर्जनिंग चालू करा.

गुरुजींनी उरलेल्या ओव्या आता दोन डिस्कवर ठेवल्यात. एक घरी, एक जिंतूरला लेकीकडं. पंचमीला ती माहेरी येते तेव्हा डिस्क आणते, नवीन रेकॉर्डिंग भरून घेते आणि जाताना परत नेते.