इन, ऑन आणि ॲट: मराठी प्रत्ययांच्या आधाराने योग्य निवड

इंग्रजीतील इन, ऑन आणि ॲट यांपैकी कोणता शब्द घ्यावा, असा प्रश्न पडला की मराठी विद्यार्थी पाठ केलेले नियम आठवू लागतो. वास्तविक, काळाच्या बाबतीत निम्मे काम त्याच्या मातृभाषेने आधीच करून ठेवलेले असते. आपण ‘पाच वाजता’, ‘सोमवारी’ आणि ‘मे महिन्यात’ अशी तीन वेगळी रूपे न चुकता वापरतो, आणि इंग्रजीही बहुतांशी हीच विभागणी करते. घड्याळातील वेळेला ॲट, वाराला व तारखेला ऑन, आणि महिना, ऋतू किंवा वर्ष यांना इन लावावे. त्यामुळे ‘१५ ऑगस्टला’ म्हणताना ऑन येतो, तर ‘१९४७ साली’ म्हणताना इन येतो.

अडचण होते ती ‘सोमवारी’मधल्या ई-कारान्त रूपामुळे, कारण हेच रूप आपण ‘सकाळी’ आणि ‘रात्री’ यांनाही देतो. इंग्रजीत मात्र ‘इन द मॉर्निंग’ आणि ‘ॲट नाइट’ असे म्हणतात, आणि सकाळीला वार जोडला की पुन्हा ‘ऑन मंडे मॉर्निंग’ होते. ‘पुढच्या सोमवारी’ लिहिताना तर काहीच जोडू नये. नुसते ‘नेक्स्ट मंडे’ पुरते.

स्थळाच्या बाबतीत मात्र मराठीवर विसंबून चालत नाही. ‘दादर स्टेशनवर भेटू’ यातला ‘वर’ ऐकून ऑन लिहिण्याचा मोह होतो. पण स्टेशन हे येथे भेटीचे ठिकाण आहे, म्हणून ‘ॲट दादर स्टेशन’ म्हणावे. त्याच स्टेशनात आपण फलाटाच्या पृष्ठभागावर उभे असतो, म्हणून तेथे ‘ऑन द प्लॅटफॉर्म’ बरोबर ठरते. झाडावरची चिमणी फांद्यांच्या आत असते, म्हणून ती ‘इन द ट्री’. वाहनांचा भेद मला विशेष लक्षात ठेवण्यासारखा वाटतो: ज्यात उठून चालता येते त्या बस, रेल्वे व विमानाला ऑन लावतात, आणि ज्यात नुसते बसून राहावे लागते त्या मोटारीला व रिक्षाला इन लावतात.

‘पर्यंत’ या शब्दाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण त्याची चूक व्यवहारात महागात पडू शकते. ‘पाच वाजेपर्यंत अर्ज द्या’ आणि ‘पाच वाजेपर्यंत कार्यालय उघडे असते’ या दोन वाक्यांत मराठीला एकच शब्द पुरतो, पण इंग्रजीत पहिल्या ठिकाणी बाय आणि दुसऱ्या ठिकाणी अंटिल लागतो. ओळखण्यासाठी वाक्यात ‘पाचच्या आत’ घालून पाहावे: अर्ज पाचच्या आत देता येतो, तेथे बाय; कार्यालय पाचच्या आत उघडे असते असे आपण म्हणत नाही, ते पाचपर्यंत सतत उघडे असते, म्हणून तेथे अंटिल.